पोटाची गोळी घेतली, म्हणजे झाले काय?



या सुटीत आजोळी गेलात की एक काम करा. घरातल्या कोनाड्यात किंवा फडताळाच्या वरच्या फळीवर पत्र्याचा एक डबा असतो. कधी काळी त्यात बिस्किटे होती; आता औषधे असतात. आजीच्या किंवा आईच्या देखत तो डबा उघडा. गोळी तोंडात घालू नका, नुसती पाकिटे वाचा. दोन प्रकारची पाकिटे त्यात बहुधा सापडतील. एक असेल गुडघेदुखीची, कंबरदुखीची गोळी, आणि तिच्या शेजारी असेल ‘पोटाची गोळी’. या दोन्ही गोळ्या आपल्याकडे नवरानवरीसारख्या जोडीनेच घरात येतात.

आज मला या जोडीविषयी बोलायचे आहे. माझे मत आरंभीच सांगून टाकतो. पोटाची गोळी हे चांगले औषध आहे. तिने असंख्य लोकांची जठरे वाचवली आहेत. परंतु ती घेतली म्हणजे दुखण्याची गोळी हवी तितके दिवस घ्यायला मोकळीक मिळाली, ही जी समजूत आपल्याकडे रुजली आहे, ती साफ चुकीची आहे. आणि आपल्या अमरावती-अकोल्याकडे तर ती अधिकच धोक्याची आहे. का, ते पुढे पाहू.

आत्याबाईंचा बटवा

माझ्या आत्याबाई दर्यापूर तालुक्यातल्या एका खेड्यात राहतात. सारे आयुष्य कपाशी आणि तुरीच्या शेतात गेले. निंदण करायचे म्हणजे दिवसभर उकिडवे बसून पुढे सरकत राहायचे. पन्नाशी उलटली आणि गुडघे बोलू लागले. बाजाराच्या दिवशी कोणी तरी त्यांना दोन गोळ्या आणून दिल्या. एक दुखण्याची, एक पोटाची. दुसऱ्या दिवशी आत्याबाई पुन्हा शेतात हजर! मग पाकीट संपले की तेच पाकीट पुन्हा, असे चालू झाले. कमरेच्या बटव्यात सुपारीबरोबर गोळ्याही राहू लागल्या.

मी अमरावतीला शाळेत विज्ञान शिकवीत असे. सुटीत गावी गेलो की तो बटवा माझ्या नजरेस पडे. एकदा मी सहज म्हणालो, “आत्याबाई, रोज रोज गोळ्या बऱ्या नव्हेत.” त्या हसून म्हणाल्या, “अरे बापू, मले काई होत नाई. पोटाची गोयी बी घेतो ना मी संगं!” उत्तर बिनतोड वाटले. मीही गप्प बसलो.

असे दोन वर्षे चालले. एका वैशाखात, लग्नसराईच्या धामधुमीत, आत्याबाईंचे पाय सुजले. अन्न जाईना, उलट्या होऊ लागल्या, लघवी कमी झाली. रुग्णालयात रक्त तपासले तेव्हा क्रिएटिनीन बरेच वाढलेले निघाले. म्हणजे रक्त गाळून स्वच्छ करणारी मूत्रपिंडे मंदावली होती. डॉक्टरांनी विचारले, “कोणती औषधे घेता?” आत्याबाईंनी बटवा सोडून त्यांच्यापुढे ठेवला. पाकिटे पाहून डॉक्टर म्हणाले, “मावशी, पोट सांभाळलंत, पण मूत्रपिंडांचा विचार कोणी केलाच नाही.”

दुखण्याच्या गोळ्या बंद झाल्या, उपचार झाले आणि सुदैवाने आत्याबाई सावरल्या. पण मूत्रपिंडे पूर्वीसारखी झाली नाहीत. आता त्यांना ठरावीक दिवसांनी रक्त तपासून घ्यावे लागते. मला मात्र एक गोष्ट सलत राहिली. वर्गात मी मूत्रपिंडाची आकृती फळ्यावर काढीत होतो आणि घरात त्या बटव्याला एक साधा प्रश्नही विचारीत नव्हतो. हा लेख त्या न विचारलेल्या प्रश्नासाठी आहे.

जठर स्वतःला का पचवत नाही?

आपल्या जठरात दररोज सुमारे दीड ते दोन लिटर पाचकरस तयार होतो. त्यात हायड्रोक्लोरिक आम्ल असते आणि ते चांगलेच तीव्र असते. मांसाचा तुकडा ज्या रसात पचतो, त्या रसात जठर स्वतः कसे टिकते? कारण जठराने आपली व्यवस्था केलेली असते. त्याच्या आतल्या अस्तरावर चिकट श्लेष्म्याचा थर असतो. त्या थरात आम्ल मारणारे बायकार्बोनेट झिरपत असते. अस्तराला रक्ताचा भरपूर पुरवठा असतो आणि झिजलेल्या पेशींच्या जागी थोड्याच दिवसांत नव्या पेशी येतात.

ही सारी देखभाल चालू ठेवण्याचे संदेश देणारी काही रसायने शरीर स्वतः बनवते. त्यांना प्रोस्टाग्लँडिन म्हणतात. हीच रसायने दुखापतीच्या जागी सूज आणि वेदनाही वाढवतात. एकच रसायन, पण गुडघ्यात ते ठणका वाढवते, जठरात मात्र अस्तर राखते.

१९७१ साली जॉन व्हेन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने दाखवून दिले की ॲस्पिरिन आणि तिच्यासारखी औषधे प्रोस्टाग्लँडिन तयार होण्याचे थांबवतात. या संशोधनासाठी १९८२ सालच्या नोबेल पारितोषिकात त्याला वाटा मिळाला. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक, नॅप्रोक्सेन ही सारी याच कुळातली. यांपैकी कोणतीही गोळी घेतली की गुडघ्याचा ठणका कमी होतो. पण त्याच वेळी जठराची देखभाल करणारे संदेशही कमी पडतात. अस्तर उघडे पडते, आम्ल त्याला चावते आणि जखम होते. तिलाच व्रण किंवा अल्सर म्हणतात. जखम खोल गेली तर तिच्यातून रक्त वाहते, क्वचित जठराला छिद्रही पडते.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्या. गोळी जठरात विरघळते म्हणूनच जखम होते, असे नाही. ती रक्तात मिसळून सर्वत्र प्रोस्टाग्लँडिन कमी करते. म्हणून ‘गोळीऐवजी इंजेक्शन घेतले म्हणजे पोटाला त्रास नाही’ हे म्हणणेही खरे नाही.

विहीर, पंप आणि बांध

आता पोटाच्या गोळ्या काय करतात, ते पाहू. ‘पोटाची गोळी’ हे एकच औषध नाही. त्यात निरनिराळी औषधे येतात. समजा, शेतात विहिरीचा पंप चालू आहे आणि पाणी वाफ्यांत साचून रोपे कुजत आहेत. तुम्ही काय कराल?

पहिला उपाय म्हणजे साचलेले पाणी बादलीने उपसणे. आम्लनाशक औषधे हेच करतात. तयार झालेले आम्ल ती मारतात. याचा प्रयोग घरी करता येईल. वरूड-मोर्शीकडच्या संत्र्याचा रस पेल्यात घ्या आणि त्यात चिमूटभर खायचा सोडा टाका. फसफसून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडेल. रसातले आम्ल कमी होईल. पण पंप चालूच आहे! म्हणून हा आराम थोड्याच वेळाचा. काही जण जळजळ झाली की रोज सोडा पितात. ते बरे नव्हे. सोड्यात सोडियम असते आणि रक्तदाबाच्या किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णाला ते जाचक ठरते.

दुसरा उपाय म्हणजे पंप सुरू करण्याचा निरोप अडवणे. आम्ल बनवण्याचा एक निरोप हिस्टॅमीन हे रसायन पेशींपर्यंत पोचवते. जेम्स ब्लॅक या शास्त्रज्ञाने तो अडवणारे सिमेटिडीन हे औषध शोधले. १९७६ मध्ये ते ब्रिटनमध्ये बाजारात आले आणि अल्सरच्या किती तरी शस्त्रक्रिया टळल्या. ब्लॅक यांना १९८८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. रॅनिटिडीन आणि फॅमोटिडीन ही याच कुळातली औषधे.

तिसरा उपाय म्हणजे पंपच बंद करणे. जठराच्या पेशींमध्ये आम्ल बाहेर टाकणारे खरोखरीचे सूक्ष्म पंप असतात. त्यांना प्रोटॉन पंप म्हणतात. १९८८ मध्ये स्वीडनमधून आलेले ओमेप्राझोल आणि पुढे आलेली पॅन्टोप्राझोल, रॅबेप्राझोल ही औषधे हे पंप बंद पाडतात. आज डब्यात दिसणारी पोटाची गोळी बहुधा यांपैकीच असते.

चौथा उपाय म्हणजे फुटलेल्या बांधावर माती लिंपणे. सुक्राल्फेट नावाचे औषध जखमेवर चिकटून तिच्यावर लेप धरते.

पाचव्या उपायात प्रोस्टाग्लँडिनचीच उसनी भरपाई केली जाते. मिसोप्रोस्टॉल हे औषध तसे आहे. ते जठर राखते, पण त्याने गर्भाशय आकुंचन पावते. म्हणून गर्भवती स्त्रीने ते अल्सरसाठी कदापि घ्यायचे नसते. हे औषध डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायचे.

आता आत्याबाईंच्या बटव्याकडे परत या. त्यांची पोटाची गोळी पंप बंद करीत होती. आम्ल कमी झाले, जठर वाचले. पण दुखण्याच्या गोळीने कमी केलेले प्रोस्टाग्लँडिन तिने परत आणले काय? नाही. ते तिचे कामच नव्हे. जठर आणि त्याच्या लगतचा आतड्याचा आरंभीचा भाग एवढीच तिची राखण. पुढच्या लहान आतड्यात जखमा झाल्या तरी तिचा उपयोग होत नाही. आणि मूत्रपिंडे तर तिच्या हद्दीबाहेरच राहिली.

वऱ्हाडचे ऊन आणि खारे पाणी

मूत्रपिंडांचा आणि प्रोस्टाग्लँडिनचा संबंध काय? शरीरातले पाणी कमी झाले की मूत्रपिंडांकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आवळू लागतात. अशा वेळी प्रोस्टाग्लँडिन त्यांना मोकळे ठेवते आणि गाळणी चालू राहते. म्हणजे पाण्याची तूट असते तेव्हाच या रसायनाची खरी गरज लागते. अकोल्याचा मे महिना आठवा. पारा ४५ अंशांपलीकडे जातो. शेतावरचा माणूस घामाने निथळतो, प्यायला पाणी पुरेसे मिळतेच असे नाही. त्याच दिवशी अंग दुखते म्हणून तो दुखण्याची गोळी घेतो. ज्या दिवशी मूत्रपिंडांना राखणदाराची सर्वांत जास्त गरज, नेमका त्याच दिवशी आपण राखणदार हटवतो!

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. सातपुड्यातून येणारी पूर्णा नदी अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांतून तापीकडे जाते. तिच्या दोन्ही अंगांना खारपाणपट्टा पसरलेला आहे. दर्यापूर, मूर्तिजापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर या तालुक्यांतल्या मुलांना तो सांगायला नको. विहिरीचे पाणी खारट, बोअरचेही खारट. या पट्ट्यातल्या गावांतून मूत्रपिंडाच्या विकाराच्या तक्रारी वर्षानुवर्षे ऐकू येत आहेत. गावाला गोडे पाणी मिळावे ही मागणी रास्तच आहे आणि ती तुमच्याआमच्या एकट्याच्या हातची नाही. पण बटव्यातली गोळी आपल्या हातची आहे. ज्या भागात मूत्रपिंडांना आधीच जपायला हवे, त्या भागात विनाकारण एका दिवसाचीही वेदनाशामक गोळी घेऊ नये.

ही औषधे मूत्रपिंडांचे काय करू शकतात, याचा एक दाखला निसर्गाने दिला आहे. १९९० नंतर भारतातली गिधाडे झपाट्याने नाहीशी झाली. २००४ साली कारण उजेडात आले. गुरांना दिलेले डायक्लोफिनॅक मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाई, त्यांची मूत्रपिंडे निकामी होत आणि ती मरत. २००६ मध्ये भारताने गुरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी घातली. माणूस गिधाडाइतका नाजूक नाही, हे खरे. थोडे दिवस, योग्य मात्रेत, धडधाकट माणसाने घेतलेली गोळी बहुधा निभावते. पण वय झालेले, मधुमेह किंवा रक्तदाब असलेले, पाणी कमी पडलेले शरीर धडधाकट नसते.

दोष मिरचीचा की जंतूचा?

“आमचा ठेचाच तिखट, म्हणून अल्सर होतो,” असे आपल्याकडे सर्रास म्हणतात. तिखटाने जळजळ होते. जखम झालेली असेल तर ती झोंबते. पण अल्सर निर्माण करणारी मुख्य कारणे दोन. एक म्हणजे वर सांगितलेल्या वेदनाशामक गोळ्या आणि दुसरे म्हणजे एक जंतू.

हा जंतू ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात सापडला. रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल या दोघांनी १९८२ मध्ये तो रुग्णांच्या जठरातून काढून प्रयोगशाळेत वाढवला. आम्लात जंतू जगेलच कसा, म्हणून इतर शास्त्रज्ञ विश्वास ठेवीनात. तेव्हा १९८४ मध्ये मार्शलने त्या जंतूंचे द्रावण स्वतःच पिऊन टाकले! काही दिवसांत त्याला उलट्या सुरू झाल्या आणि जठराच्या अस्तराला सूज आल्याचे तपासणीत दिसले. (तुम्ही असले धाडस करू नका.) या जंतूला हेलिकोबॅक्टर पायलोरी म्हणतात. २००५ मध्ये दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले.

याचा आपल्या विषयाशी संबंध असा. जंतूने झालेल्या अल्सरवर नुसती पोटाची गोळी घेतली तर आराम पडतो, पण जंतू तसाच राहतो आणि जखम पुन्हा होते. त्यासाठी तपासणी करून प्रतिजैविके ठरलेले दिवस घ्यावी लागतात. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे जठराच्या कर्करोगाची पहिली जळजळसुद्धा या गोळीने काही काळ दबून जाऊ शकते. महिनोन् महिने मनानेच गोळी घेणारा माणूस आजाराची सूचना देणारी घंटाच कापडाने गुंडाळून ठेवत असतो.

गोळी घ्यायची, तर कशी?

मग पोटाची गोळी घेऊच नये काय? तसे मुळीच नाही. हृदयविकारासाठी ॲस्पिरिन चालू असलेला माणूस, पूर्वी अल्सर झालेला, वयस्क, संधिवातासाठी ज्याला वेदनाशामक घेण्यावाचून गत्यंतर नाही असा रुग्ण, यांना ती डॉक्टर मुद्दाम देतात आणि ती वाचवतेही. हा लेख वाचून अशा कोणाची गोळी बंद करू नका. बरेच दिवस घेतलेली गोळी एकाएकी सोडली तर काही काळ आम्ल उसळून येते. म्हणून थांबवायची तीही डॉक्टरांच्या सल्ल्याने.

पंप बंद करणारी गोळी न्याहारीच्या अर्धा तास आधी घ्यायची असते. त्याचे कारण गमतीचे आहे. ही गोळी चालू असलेल्या पंपांनाच बंद करू शकते, आणि पंप अन्न आल्यावर चालू होतात. त्या वेळी औषध रक्तात हजर हवे. जेवल्यावर जळजळू लागले की घेतली, असे केल्याने तिचा पुरा उपयोग होत नाही. शिवाय तिचा पूर्ण परिणाम दिसायला काही दिवस लागतात. ही गोळी चावायची नाही, कुटायची नाही. आम्लात ती स्वतःच नष्ट होते, म्हणून तिच्यावर किंवा कॅप्सूलमधल्या कणांवर आम्लरोधक आवरण असते. आवरण फुटले की औषध वाया गेले. सुक्राल्फेट मात्र रिकाम्या पोटी घ्यायचे आणि इतर औषधांपासून सुमारे दोन तास दूर ठेवायचे, नाही तर ते त्यांनाही धरून ठेवते.

दीर्घकाळ घेतल्यास या गोळ्यांचीही किंमत मोजावी लागते. आम्ल हे आपले शत्रू नव्हे. ते अन्नातले जंतू मारते आणि अन्नातील बी-१२ जीवनसत्त्व सुटे करते. आम्ल फार काळ दाबले तर बी-१२ किंवा मॅग्नेशियम कमी पडू शकते, आतड्याचे संसर्ग वाढू शकतात. क्वचित या गोळ्यांनी मूत्रपिंडालाही सूज येते. काही पोटाच्या गोळ्यांत उलटी थांबवणारे डोम्पेरिडोन मिसळलेले असते. हृदयाच्या रुग्णाने ते विचारल्याशिवाय घेऊ नये.

आणि जुन्या चिठ्ठीवर विसंबू नका. १९८१ मध्ये आलेले रॅनिटिडीन चाळीस वर्षे घरोघरी होते. २०१९ मध्ये त्यात एनडीएमए हे कर्करोगाची शक्यता वाढवणारे द्रव्य आढळले. २०२० मध्ये अमेरिकेने ते बाजारातून काढायला लावले आणि २०२२ मध्ये भारताच्या आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतून ते वगळले गेले. विज्ञान आपली चूक सुधारत पुढे जाते. डब्यातली जुनी चिठ्ठी मात्र जागच्या जागी राहते.

मोठ्यांना दोष देऊ नका

आत्याबाईंना अडाणी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण विचार करा. तालुक्याला डॉक्टरकडे जायचे म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडाली, गाडीभाडे गेले, आणि निंदण तर आजच व्हायला हवे. गोळीने त्यांचा दिवस निभावत होता. पाकिटावरचा मजकूर बारीक अक्षरात आणि इंग्रजीत. ‘डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नये’ हे वाक्य ज्याच्यासाठी लिहिले, त्यालाच ते वाचता येत नाही, मग त्या सूचनेचा उपयोग काय?

म्हणून माझे म्हणणे असे आहे. प्रत्येक औषध दुकानात आणि दवाखान्यात गोळी देताना पुडीवर मराठीत तीन गोष्टी लिहून द्याव्यात: कशासाठी, कधी आणि किती दिवस. ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी सूर्य आणि चंद्र काढावा, दिवसांच्या रेघा माराव्यात. याला पैसे लागत नाहीत, पेन्सिल लागते. या तीन गोष्टींतली तिसरी सर्वांत महत्त्वाची. आत्याबाईंना गोळी मिळाली ती कशासाठी, हे त्यांना ठाऊक होते. किती दिवस, हे कोणीच सांगितले नव्हते.

आणि तोवर? तोवर ते काम तुम्ही करू शकता. तुम्हाला इंग्रजी वाचता येते. घरातल्या माणसांच्या नावाने एक औषधाची वही करा. पाकिटावर एक नाव कंपनीने ठेवलेले असते. त्याच्याजवळ खऱ्या औषधाचे नाव असते. ते खऱ्या औषधाचे नाव लिहून घ्या. कधी कधी दोन वेगळ्या नावांच्या पाकिटांत एकच डायक्लोफिनॅक निघते आणि आजी नकळत दुप्पट मात्रा घेत असते. मुदत संपल्याची तारीख पाहा. कोणती गोळी किती दिवसांपासून चालू आहे, ते आजीला विचारून लिहा. मग ती वही घेऊन मोठ्यांबरोबर डॉक्टरकडे जा. स्वतः डॉक्टर होऊ नका. गोळी काढून घेणे किंवा बदलणे हे तुमचे काम नव्हे. तुमचे काम विचारण्याचे.

काही खुणा मात्र तोंडपाठ असू द्या. डांबरासारखी काळी शौच, रक्ताची किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी, पोटात एकाएकी असह्य कळ, घास गिळताना अडकणे, कारण नसता वजन उतरणे, यांपैकी काहीही दिसले तर गोळी शोधत बसू नये, रुग्णालय गाठावे. (लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, पण ते ठरवू द्या डॉक्टरांना.) पायावर सूज आली, लघवी कमी झाली, तर दुखण्याची गोळी घेण्याआधी डॉक्टरांना दाखवावे.

आणि गुडघ्याचे काय? दुखणे खरे आहे, त्याला उपाय हवाच. शेक, मांड्यांच्या स्नायूंचे व्यायाम, बसून करायचे काम लांब दांड्याच्या अवजाराने उभ्याने करणे, यांनी पुष्कळ फरक पडतो. आत्याबाई आता भावकीतल्या मुलाकडून चाकाचे कोळपे आणवतात. बटव्यात फक्त सुपारी असते. मागच्या भेटीत मी विचारले, “गुडघे कसे आहेत?” त्या म्हणाल्या, “दुखतात ना बापू. पन आता मी इचारल्याबिगर काईच घेत नाई.”

मित्रांनो, विज्ञान शिकणे म्हणजे मूत्रपिंडाची आकृती बरोबर काढणे, एवढेच नव्हे. घरातल्या कोनाड्यातल्या डब्याला ‘कशासाठी, कधी, किती दिवस’ असे विचारता येणे, हेही विज्ञानच आहे. मी तो प्रश्न दोन वर्षे उशिरा विचारला. तुम्ही या सुटीतच विचारा.